पार्किंगमधल्या चौकटी

मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी सात वाजता मी कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोजपट्टी आणि खडू घेऊन वाकले होते. सेक्रेटरींनी आदल्या रात्रीच सगळ्यांना गाड्या बाहेर लावायला सांगितलं होतं, त्यामुळे फरशी मोकळी होती. पहिला आयत आखला तो २३६ सेंटिमीटर उंच आणि १४५ रुंद. त्याच्या शेजारी ५५ बाय ४४. मग ९० बाय ७५. मग एक आडवा, उंची जेमतेम ४२ पण लांबी १६०. आणि शेवटचा २४ बाय १८, एवढा लहान की शाळेची मोठी वही ठेवली तर झाकून जाईल.

मुलं खाली आली, चौथीपासून आठवीपर्यंतची, अकरा जण. "आजी, लंगडीसाठी आखलंय का?" एकाने विचारलं. मी म्हटलं, "नाही रे, ही लंडनची भिंत आहे. आडवी झालीय एवढंच."

पुण्यातल्या एका शाळेत मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. त्या सगळ्या वर्षांत मला एक गोष्ट सलत राहिली. पुस्तकात माणसांचे चेहरे छापलेले असतात ते पोस्टाच्या तिकिटाएवढे, आणि सगळे एकाच मापाचे. राणी असो की परिचारिका, दोघी तेवढ्याच. मुलं त्यांना मिशा काढतात, चष्मे लावतात, आणि त्यात मुलांची चूक आहे असं मला कधी वाटलं नाही. चेहऱ्याकडे बघायचं कसं, हे आम्ही त्यांना शिकवतच नाही. निवृत्तीनंतर हे करून बघायचं मनात होतं. निमित्त झालं एका पोस्टकार्डाचं. भाचीने लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतून पाठवलेलं ते कार्ड फ्रिजवर लावलं होतं आणि नातवाने विचारलं, "हा मुलगा असा चेपल्यासारखा का आहे?"

मी स्वतः लंडनला गेलेले नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. पण त्या गॅलरीने आपला संग्रह संगणकावर सगळ्यांसाठी मांडून ठेवलाय, प्रत्येक चित्राच्या मापासकट. महिनाभर मी तो बघत होते. मापं वहीत उतरवून घेतली, म्हणून तर खडू. पडद्यावर पुन्हा सगळे चेहरे एकाच आकाराचे होतात. फरशीवर तसं होत नाही.

गॅलरीची गोष्ट मी थोडक्यात सांगितली. १८५६ साली ती सुरू झाली. स्टॅनहोप नावाच्या एका उमरावाने दहा वर्षं हा विषय लावून धरला, तेव्हा कुठे पार्लमेंटने दोन हजार पौंड मंजूर केले. आज जिथे आहे ती इमारत १८९६ची. मुलांना आवडला तो तिचा नियम. चित्र किती सुंदर आहे हे तिथे पहिल्यांदा बघत नाहीत, चित्रात कोण आहे हे बघतात. दुसरा नियम तर फारच कडक होता: माणूस जाऊन दहा वर्षं झाल्याशिवाय त्याचं चित्र घ्यायचं नाही. अपवाद फक्त गादीवर असलेला राजा किंवा राणी आणि त्यांचा जोडीदार. जिवंत माणसांसाठी दार उघडलं ते थेट १९६९ साली.

संग्रहात क्रमांक एकवर आहे शेक्सपिअर. तो ५५ बाय ४४चा आयत त्याचा. चित्राची रंगीत छापील प्रत मी चौकटीत ठेवली. मुलांनी सगळ्यात आधी काय पाहिलं? कानातला सोन्याचा डूल. "आमच्या पणजोबांच्या कानात भिकबाळी होती, तसं," एक मुलगी म्हणाली. मग आठवीतल्या मुलाने विचारलं की शेक्सपिअर खरंच समोर बसला होता का. फार चांगला प्रश्न. गॅलरीही छातीठोकपणे तसं म्हणत नाही. त्याच्या हयातीत, त्याला बघून काढलेलं असण्याची सगळ्यात जास्त शक्यता या चित्राची आहे, एवढंच ती सांगते. मुलांना ते पटायला वेळ लागला. मोठी संस्थासुद्धा "बहुतेक" असं म्हणू शकते, हे त्यांना नवीन होतं.

चेपलेल्या मुलावर आमचे तीन दिवस गेले, आणि ते जावेतच असं मला वाटतं. तो राजपुत्र एडवर्ड, पुढे इंग्लंडचा सहावा एडवर्ड झाला तो. १५४६ साली विल्यम स्क्रॉट्स या चित्रकाराने त्याला रंगवलं तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा होता. समोरून बघितलं तर नाक वीतभर, कपाळ पसरलेलं. पण चित्राच्या कडेला, चौकटीला अगदी चिकटून उभं राहिलं आणि तिथून एका डोळ्याने बघितलं की गोल गोबरा चेहरा नीट दिसतो. मी ती लांब प्रत छापून आणली होती. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानात पहिल्यांदा छापून घेतली तेव्हा राजपुत्र हिरवट आला. मुलांपुढे तो तसा ठेवणं मनाला पटेना, म्हणून दुसरीकडून परत छापून घेतला. भिंतीला टेपने लावला आणि एकेका मुलाला कडेला उभं केलं. प्रत्येकाच्या तोंडून तोच "आऽऽ" निघाला.

मग आपण असं चित्र काढायचं ठरलं. एका कागदावर सरळ चेहरा काढून त्यावर चौकोनी रकाने आखले. तीन ड्रॉइंग पेपर जोडून लांब पट्टा केला आणि त्यावर तेवढेच रकाने आखले, फक्त प्रत्येक रकाना चौपट लांब. एकेका चौकोनातली रेष उचलून लांब रकान्यात न्यायची. दोन तास मान मोडून काम केलं आणि कडेने बघितलं तर डोळ्याजवळचा कान सुपाएवढा, लांबचा गाल पार आक्रसलेला. मुलं हिरमुसली. चूक कुठे झाली ते मलाही कळेना. दुसऱ्या दिवशी आठवीतलाच तो मुलगा आला आणि म्हणाला, "आजी, काल रात्री मी गेटवरून रस्त्याचे दिवे बघितले. जवळचे खांब लांब लांब दिसतात, लांबचे एकमेकांना चिकटलेले. म्हणजे आपण उलटं करायला पाहिजे. जवळचे रकाने बारीक, लांबचे मोठे." तसं केलं. लांबच्या टोकाला वरची-खालची रेषही जरा फाकवली. या वेळी चेहरा जागेवर आला. एकतीस वर्षांच्या नोकरीत असे दिवस मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मिळाले.

सगळ्यात मोठ्या आयतात मुलं आधी लोळून घेत होती. दोघं एकाखाली एक आडवी झाली तरी जागा उरायची. ते चित्र माईचं. माई हा पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचा तरुण, १७७४ साली इंग्रजांच्या जहाजातून लंडनला आला. मुलांना काळ कळावा म्हणून सांगितलं की त्याच वर्षी आपल्याकडे पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले. लंडनचे लोक माईला ओमाई म्हणत. खरं तर त्याच्या भाषेत नावाआधीचा 'ओ' म्हणजे 'हा आहे' अशासारखं काहीतरी. ऐकणाऱ्यांनी तोच नावाला जोडून टाकला. जोशुआ रेनॉल्ड्सने साधारण १७७६ साली त्याला पुरुषभर उंचीचं रंगवलं. अनवाणी पाय, हातांवर गोंदण, अंगावर पांढरा घोळदार झगा, डोक्याला फेट्यासारखं गुंडाळलेलं. २०२३ साली लंडनच्या या गॅलरीने आणि अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयाने निम्मे निम्मे पैसे घालून ते पाच कोटी पौंडांना घेतलं. आता ते आळीपाळीने दोन्हीकडे राहणार.

पैशाचा आकडा ऐकून मुलं गप्प झाली, पण सातवीतली एक मुलगी चित्राकडेच बघत होती. ही सहसा बोलत नाही. तिने हळूच विचारलं, "हे कपडे त्याचेच आहेत?"

त्याचे नव्हते. माई लंडनमध्ये वावरायचा तो इंग्रजी कोट घालून. हा झगा बराचसा रेनॉल्ड्सच्या कल्पनेतला, थोडा रोमन पुतळ्यांसारखा, थोडा पूर्वेकडचा. "मग त्याला विचारलं होतं का, असं दाखवू का म्हणून?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण पुढचे पंधरा दिवस तोच प्रश्न आमच्याबरोबर फिरत राहिला. कुठलंही चित्र समोर आलं की कुणीतरी विचारायचंच: याला विचारलं होतं का?

एलिझाबेथ राणीला विचारायची गरजच नव्हती. १५९२च्या सुमाराच्या त्या भव्य चित्रात ती इंग्लंडच्या नकाशावर उभी आहे. एका बाजूला वादळ, दुसऱ्या बाजूला ऊन. वयाने साठीला टेकलेली, पण तिला दिसायचं होतं तशीच ती दिसते. चित्रातल्या वस्तू माणसाबद्दल बोलतात, हे मी इथे मुलांना समजावलं. नकाशा म्हणजे राज्य. मेरी सीकोलच्या छातीवर पदकं आहेत. ही जमैकाची बाई क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा करत होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल मुलांना पुस्तकातून माहीत होती, सीकोल कुणालाच नाही. २४ बाय १८चा लहानगा आयत तिचा. १८६९ सालचं हे चित्र कितीतरी वर्षं दुसऱ्याच एका छापील चित्राच्या मागे पुठ्ठा म्हणून अडकवलेलं होतं. "म्हणजे ती भिंतीकडे तोंड करून बसली होती?" चौथीतला मुलगा म्हणाला. हो रे बाबा, तसंच.

ब्राँटे बहिणींच्या चित्रापाशी आम्ही रेंगाळलो. शार्लट, एमिली आणि ॲन या तिघी लेखिका. बायकांचं लिखाण लोक हलकं धरतील म्हणून त्यांनी सुरुवातीला पुरुषी वाटावीत अशी टोपणनावं घेतली. साधारण १८३४ साली हे चित्र काढलं त्यांच्या भावाने, ब्रॅनवेलने. तो काही मोठा चित्रकार नव्हता, हात कच्चा आहे हे मुलांनाही दिसलं. पण चित्रात कोण आहे या नियमाने ते गॅलरीत आलं. शार्लटच्या नवऱ्याच्या घरी ते कपाटावर घडी करून पडलं होतं, १९१४ साली सापडलं. घड्यांच्या रेषा अजून तशाच दिसतात. आणि बहिणींच्या मधोमध एक खांब आहे. नीट बघितलं तर खांबात माणूस दिसतो. ब्रॅनवेलने आधी स्वतःला रंगवलं, मग पुसून वर खांब काढला. वर्षांनुवर्षांनी वरचा रंग विरळ झाला आणि तो आतून वर यायला लागला. हे सांगितलं तेव्हा अकराच्या अकरा मुलं ९० बाय ७५च्या चौकटीभोवती उकिडवी बसून खांबात भाऊ शोधत होती.

एका सकाळी सगळ्यांना घेऊन बालगंधर्व रंगमंदिरात गेले. छापील प्रती कितीही चांगल्या असल्या तरी खरा तैलरंग मुलांनी बघायलाच हवा होता. १९६८ साली उघडलेल्या या रंगमंदिरात गोपाळराव देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन चित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीवेषातलं. दोन्हीत माणूस एकच आहे, यावर लहान मुलांचा विश्वासच बसेना. त्यांचे डोळे, हनुवटी, मान कलण्याची ढब, एकेक जुळवत बराच वेळ गेला. तिथेही प्रश्न आलाच. मी म्हटलं, बालगंधर्वांना दोन्ही रूपांत बघायला लोक रात्र रात्र बसायचे. कुठलं एकच रूप निवडा असं त्यांना सांगणारे आपण कोण?

पुण्याचे धागे मी मुद्दाम शोधले होते. १७९२ साली जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला, त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र काढलं. ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. पुरंदरावर जन्मलेलं ते बाळ या चित्रात अठरा वर्षांचं आहे. नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत कॉर्नेलिया सोराबजींची छायाचित्रं आहेत, १९३० साली काढलेली. नाशिकला जन्मलेली, आपल्या डेक्कन कॉलेजात शिकलेली ही मुलगी १८८९ साली ऑक्सफर्डला गेली आणि तिथे कायद्याची परीक्षा देणारी पहिली स्त्री ठरली. परीक्षा दिली १८९२ साली, पदवी हातात पडायला मात्र आणखी तीस वर्षं जावी लागली. आणि आनंदीबाई जोशींचा तो फोटो, ऑक्टोबर १८८५चा, फिलाडेल्फियातल्या वैद्यकीय महाविद्यालयातला. शेजारी जपानची केई ओकामी तिच्या किमोनोत, सीरियाची सबात इस्लांबुली तिच्या देशाच्या पेहरावात, आणि आनंदीबाई साडीत. सातवीतली मुलगी लगेच म्हणाली, "हे कपडे त्यांचेच आहेत." मला फार बरं वाटलं.

शेवटचा आठवडा आमच्या स्वतःच्या गॅलरीचा. विश्वस्तांची सभा भरली, सतरंजीवर. दहा वर्षांचा नियम मुलांनी आधी उत्साहाने मंजूर केला. मग लक्षात आलं की अशाने समोर बसवायला कुणीच मिळणार नाही. तो नियम त्यांनी त्याच सभेत बदलला. कोण निवडायचं यावर भांडण झालं. "काहीतरी मोठं केलेलं पाहिजे," एक गट म्हणाला. "ज्यांच्यावाचून आपलं अडतं ते," दुसरा म्हणाला. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि पाच नावं निघाली. त्यात तळमजल्यावरच्या परिचारिका ताई होत्या, १२ जुलै १९६१च्या पानशेतच्या पुरात नारायण पेठेतलं घर गेलेल्या आजी होत्या, आणि गेटजवळ कडुलिंबाखाली इस्त्री करणारे काका होते.

चेहरा काढायच्या चार गोष्टी शिकवल्या. मुलं डोळे नेहमी फार वर काढतात, म्हणून सांगितलं की डोळे डोक्याच्या बरोबर मध्ये येतात, बोटाने मोजून बघा. वीस मिनिटं बसवायचं, मग पाणी द्यायचं, मग परत वीस मिनिटं. बसणाऱ्याशी बोलायचं. आणि सुरुवातीलाच विचारायचं, तुम्हाला चित्रात काय हवंय? पुरातल्या आजींनी खोलीतून एक पितळी डबा आणला, चेपलेला. चिखलातून तेवढाच मिळाला होता. तो मांडीवर घेऊन त्या बसल्या.

इस्त्रीवाले काका सुट्टीच्या दिवशी आले. पांढरा शर्ट, बाहीवर धारदार घडी, केसांना तेल. हात गुडघ्यांवर ठेवून, सरळ पाठीने बसले. त्यांना काढणार होती ती न बोलणारी मुलगी. "काय हवंय चित्रात?" तिने विचारलं. ते म्हणाले, "काय नको. मी आहे की." तिने दोन बैठकींत ऑइल पेस्टलने सुंदर चेहरा काढला, पापण्यांच्या सुरकुत्यांसकट. मी भारावून गेले आणि तिला तसं सांगितलंही.

मांडामांडीच्या दिवशी बघते तर चित्रात काकांच्या हाताशी काळीभोर कोळशाची इस्त्री होती. तिने ती घरी बसून घातली होती. नकाशा, पदकं, पितळी डबा. मीच शिकवलं होतं वस्तू बोलतात म्हणून. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

संध्याकाळी सगळी सोसायटी खाली आली. दोरीला चिमट्यांनी चित्रं लावली होती. काका आपल्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मग तिला जवळ बोलावून म्हणाले, "पोरी, झकास काढलंयस. एवढी इस्त्री तेवढी काढून टाक. ती रोज असतीच की हातात. म्हणून तर त्या दिवशी नवा शर्ट घालून आलो होतो."

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिला पेस्टलची डबी दिली. ऑइल पेस्टल खोडरबराने जात नाही, हे तिलाही माहीत होतं. तिने आधी नखाने खरवडलं, मग वर पांढरा घासला, मग मागच्या भिंतीचा निळा. बाकीची मुलं भोवती जमली. काळा रंग थांबेना, निळ्यातून राखाडी होऊन वर येतच राहिला, मुठीच्या आकारासकट.

"हे काय राहिलंय?" काकांनी विचारलं.

मग ती बोलायला लागली. तीन बहिणी, त्यांचा भाऊ, त्याने पुसलेलं स्वतःचं चित्र, वर काढलेला खांब, कपाटावरची घडी, सगळं. महिनाभरात एवढं सलग बोलताना मी तिला ऐकलं नव्हतं. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. चित्राजवळ वाकून त्या डागाकडे बघितलं, मग दोन पावलं मागे सरून शर्टाकडे.

"मग राहू दे," ते म्हणाले. "शर्ट नीट दिसतोय."